परदेशी कीड आणि तिच्या मागून आलेला मित्रकीटक: पिठ्या ढेकणाच्या नियंत्रणातील आंतरराष्ट्रीय सहकार्य

पपईच्या बागेत पानांच्या खालच्या बाजूला, देठाजवळ आणि फळांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसू लागले, की बहुतेक शेतकरी प्रथम फवारणी पंप काढतात. २००८ नंतर दक्षिण भारतातील पपई, तुती आणि साबुकंद उत्पादकांनीही तेच केले. फवारण्या वाढल्या, खर्च वाढला, पण कीड हटली नाही. ही कीड आटोक्यात आली ती एक मिलिमीटरपेक्षाही लहान असलेल्या परोपजीवी कीटकामुळे. तो मूळचा मेक्सिकोचा असून कॅरिबियन समुद्रातील पोर्टो रिको बेटावरील प्रयोगशाळेतून भारतात आला.

एका देशातील कीड दुसऱ्या देशात शिरली तर तिचे नियंत्रण एकट्या देशाला सहसा जमत नाही. हे सहकार्य कसे चालते, त्यातून काय साधले, कुठे अडले आणि त्यात शेतकऱ्याची जबाबदारी कोणती, याची माहिती या लेखात घेऊ.

परदेशी कीड नव्या जागी मोकाट का सुटते?

प्रत्येक किडीला तिच्या मूळ प्रदेशात शत्रू असतात. काही भक्षक कीटक तिला खातात, काही परोपजीवी कीटक तिच्या शरीरात अंडी घालतात, काही बुरश्या तिला रोगग्रस्त करतात. त्यामुळे मूळ प्रदेशात तिची संख्या मर्यादित राहते आणि पुष्कळदा ती दुय्यम कीड म्हणूनही नोंदली जात नाही. रोपे, कलमे, फळे किंवा फुलांबरोबर ती दुसऱ्या खंडात पोहोचते, तेव्हा तिचे शत्रू मागेच राहतात. अन्न भरपूर आणि शत्रू नाही, अशा स्थितीत तिची संख्या झपाट्याने वाढते.

अशा किडीच्या मूळ प्रदेशात जाऊन तिचे नैसर्गिक शत्रू शोधायचे, ते तपासून नव्या प्रदेशात आणायचे आणि कायमचे स्थिरावू द्यायचे, या पद्धतीला अभिजात जैविक नियंत्रण म्हणतात. ही पद्धत जुनी आहे. १८८८-८९ मध्ये कॅलिफोर्नियातील संत्रावर्गीय बागा एका खवले किडीने उद्ध्वस्त होऊ लागल्या, तेव्हा ऑस्ट्रेलियातून व्हेडेलिया नावाचा ढालकिडा आणून ती कीड आटोक्यात आणली गेली. आपल्याकडे द्राक्ष व पेरू बागायतदारांच्या ओळखीचा क्रिप्टोलिमस हा ढालकिडाही मूळचा ऑस्ट्रेलियाचाच. तो १८९८ मध्ये भारतात आणला गेला.

पपईवरील पिठ्या ढेकूण: ओळख आणि नुकसान

शास्त्रीय नाव: पॅराकॉकस मार्जिनेटस. मूळ प्रदेश: मेक्सिको आणि मध्य अमेरिका.

- मादी पिवळसर रंगाची असून तिच्या अंगावर पांढऱ्या मेणाची भुकटी असते. अंडी कापसासारख्या पिशवीत असतात. एक मादी १०० ते ६०० अंडी घालते.
- पिले व माद्या पाने, देठ, शेंडा आणि फळांतील रस शोषतात. पाने वेडीवाकडी होऊन पिवळी पडतात, शेंड्याची वाढ खुंटते, फळे पांढऱ्या थराने झाकली जातात.
- कीड चिकट गोड द्रव सोडते. त्यावर काळी बुरशी वाढते आणि मुंग्या येतात.
- पपईशिवाय तुती, साबुकंद, जास्वंद, वांगी, कापूस अशा अनेक वनस्पतींवर तसेच गाजर गवतासारख्या तणांवरही ती जगते.
- प्रयोगशाळेत अल्कोहोलमध्ये ठेवल्यावर तिचे नमुने निळसर काळे पडतात. तिच्यासारख्या दिसणाऱ्या इतर पिठ्या ढेकणांपासून ती ओळखण्यास याचा उपयोग होतो.

मेणाच्या थरामुळे कीटकनाशक किडीच्या अंगापर्यंत पुरेसे पोहोचत नाही आणि पिशवीतील अंडी तर सुरक्षितच राहतात. तुती उत्पादकांची अडचण याहून मोठी होती. फवारलेला पाला रेशीम अळ्यांना घालता येत नाही, कारण त्याने अळ्याच मरतात. फवारणी केली तर कोष हातचे जातात आणि न केली तर पाला, असा दुहेरी पेच त्यांच्यापुढे होता.

मेक्सिको ते कोइमतूर: किडीचा आणि शत्रूचा प्रवास

या किडीचे शास्त्रीय वर्णन १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ प्रदेशात तिचा विशेष उपद्रव नव्हता. १९९० च्या दशकात ती कॅरिबियन बेटांवर पसरली आणि १९९८ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात आढळली.

अमेरिकेच्या कृषी विभागाच्या शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मेक्सिकोत जाऊन या किडीचे परोपजीवी गोळा केले. त्यांपैकी तीन पुढे विशेष महत्त्वाचे ठरले: एसेरोफॅगस पपये, ॲनागायरस लोएकी आणि स्यूडलेप्टोमॅस्टिक्स मेक्सिकाना. विलगीकरण प्रयोगशाळेत तपासणी झाल्यावर पोर्टो रिकोत त्यांचे संगोपन सुरू झाले. पोर्टो रिको आणि डोमिनिकन प्रजासत्ताकात ते सोडल्यावर पिठ्या ढेकणाची संख्या ९७ टक्क्यांहून अधिक घटली. पुढे प्रशांत महासागरातील ग्वाम आणि पलाऊ या बेटांवर कीड पोहोचली, तेव्हा हेच परोपजीवी तेथे पाठवण्यात आले आणि तेथेही चांगला परिणाम मिळाला.

२००८ मध्ये ही कीड भारतात तामिळनाडूतील कोइमतूर येथे नोंदली गेली. त्याच वर्षी ती श्रीलंकेतही सापडली. कोइमतूर, इरोड, तिरुपूर या भागांत पपई, तुती आणि साबुकंदाचे मोठे नुकसान झाले. त्यानंतर केरळ, कर्नाटक आणि महाराष्ट्रातही प्रादुर्भाव आढळला.

बेंगळुरू येथील भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थेने (आजचे नाव राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो) अमेरिकेच्या कृषी विभागाच्या मदतीने २०१० मध्ये पोर्टो रिकोहून हे तीनही परोपजीवी आयात केले. विलगीकरणातील चाचण्या पूर्ण झाल्यावर त्याच वर्षी तामिळनाडूत त्यांचे प्रसारण सुरू झाले. तामिळनाडू कृषी विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्रे आणि राज्य यंत्रणा यांनी ते गावोगावी पोहोचवले. तिन्हींपैकी एसेरोफॅगस पपये सर्वांत चांगला स्थिरावला. तो किडीच्या लहान, विशेषतः दुसऱ्या अवस्थेतील पिलांवर अंडी घालतो, म्हणजे कीड पुनरुत्पादनक्षम होण्याआधीच तिला गाठतो.

या कार्यक्रमाच्या आर्थिक अभ्यासात पाच वर्षांतील लाभ ५० कोटी डॉलरहून अधिक असल्याचा अंदाज निघाला. आणण्याचा खर्च त्यामानाने किरकोळ होता. शिवाय एकदा स्थिरावलेला परोपजीवी दरवर्षी विकत आणावा लागत नाही.

कीड नोंदली जाण्यापासून परोपजीवी सोडेपर्यंत भारताला सुमारे दोन वर्षे लागली. एवढ्या लवकर हे जमले, कारण शोध, ओळख आणि संगोपनाचे काम दुसऱ्या देशांनी आधीच करून ठेवले होते. शून्यापासून सुरुवात करावी लागली असती तर किती काळ गेला असता, याची कल्पना पुढील उदाहरणावरून येईल.

आफ्रिकेतील साबुकंद: चुकीच्या ओळखीची किंमत

साबुकंद, म्हणजे टॅपिओका किंवा कसावा, हे आफ्रिकेतील कोट्यवधी लोकांचे रोजचे अन्न आहे. हे पीक मूळचे दक्षिण अमेरिकेचे. पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी ते सोळाव्या शतकात आफ्रिकेत नेले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला काँगो खोऱ्यात त्यावर नवा पिठ्या ढेकूण दिसला. काही वर्षांत तो आफ्रिकेच्या मोठ्या पट्ट्यात पसरला आणि काही भागांत उत्पादनात ८० टक्क्यांपर्यंत घट झाली. तेथे साबुकंदाची पाने भाजी म्हणून खातात. शेंडेच आखडल्यामुळे कंदाबरोबर भाजीही गेली आणि लागवडीसाठी निरोगी कांड्या मिळेनाशा झाल्या.

पीक दक्षिण अमेरिकेचे असल्याने कीडही तिकडचीच असावी, हा तर्क बरोबर होता. नायजेरियातील इबादान येथील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेत काम करणारे स्विस कीटकशास्त्रज्ञ हान्स हेरेन यांच्या नेतृत्वाखाली शोध सुरू झाला. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात साबुकंदावर अगदी तशीच दिसणारी कीड सापडली. मात्र तिचे परोपजीवी आफ्रिकेतील किडीवर चालेनात. बारकाईने पाहिल्यावर ती वेगळीच प्रजाती निघाली. आफ्रिकेतील किडीत फक्त माद्या असतात आणि त्या नराशिवाय प्रजनन करतात, तर या दुसऱ्या प्रजातीत नर व मादी दोन्ही असतात. या प्रजातीला पुढे हेरेन यांचेच नाव देण्यात आले.

अखेर १९८१ मध्ये कोलंबियातील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी केंद्राचे कीटकशास्त्रज्ञ अँथनी बेलॉटी यांना पॅराग्वेत खरी कीड सापडली. तेथून ॲनागायरस लोपेझी हा परोपजीवी गोळा करण्यात आला, इंग्लंडमधील विलगीकरण प्रयोगशाळेत तपासण्यात आला आणि नंतर नायजेरियात पाठवण्यात आला. त्याच वर्षी तो इबादान येथे सोडला गेला. पुढील दशकभरात तो २५ हून अधिक आफ्रिकी देशांत स्थिरावला. या कार्यक्रमावर खर्च झालेल्या प्रत्येक डॉलरमागे १४९ डॉलरचा लाभ झाला, असा अंदाज एका अभ्यासात मांडला गेला. हेरेन यांना १९९५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

कीड दिसल्यापासून योग्य परोपजीवी मिळेपर्यंत आफ्रिकेतील शेतकऱ्यांनी सुमारे आठ वर्षे काढली.

ही कीड २००८ मध्ये थायलंडमध्ये पोहोचली. त्या देशाला मात्र थांबावे लागले नाही. २००९ मध्येच आफ्रिकेतील बेनिनहून ॲनागायरस लोपेझी मागवण्यात आला. २०२० मध्ये कीड भारतात केरळात आढळली आणि तामिळनाडूतील साबुकंद पट्ट्यातही शिरली. भारतानेही बेनिनहून तोच परोपजीवी आणला आणि २०२२ मध्ये तामिळनाडूत सोडला. आपल्याकडे उपवासाला लागणारा साबुदाणा मुख्यतः सेलम परिसरातील साबुकंदापासून बनतो. पॅराग्वेतील या कीटकाचा आपल्या खिचडीशी असा थेट संबंध आहे.

भारताने आणि आशियाने काय दिले?

हे सहकार्य एकतर्फी नाही. ज्वारी व मक्यावरील खोडकिडा, म्हणजे कायलो पार्टेलस, ही मूळ आशियातील कीड. ती १९३० च्या दशकात पूर्व आफ्रिकेत नोंदली गेली आणि तेथील मका व ज्वारीची मोठी शत्रू बनली. तेथे आपण कीड देणारे होतो. तिच्यावर जगणारा कोटेशिया फ्लॅव्हिपेस हा परोपजीवी पाकिस्तानातून नेऊन १९९३ मध्ये केनियात सोडण्यात आला आणि तेथे तो स्थिरावला. त्याआधी १९६० च्या दशकाच्या अखेरीस भारतातून आणलेले कीटक वापरून केलेले प्रयत्न यशस्वी झाले नव्हते. योग्य परोपजीवीही पहिल्याच वेळी रुजेल असे नसते. हवामान, संख्या आणि वेळ जुळावी लागते.

दुसरे उदाहरण टेलेनोमस रेमस या अंड्यांवरील परोपजीवीचे. पापुआ न्यू गिनीतून तो १९६० च्या दशकात तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीसाठी भारतात आणला गेला. भारतातून पुढे तो इतर देशांना पाठवला गेला. २०१८ मध्ये अमेरिकन लष्करी अळी कर्नाटकात आणि लगेच महाराष्ट्रातील मक्यावर आली, तेव्हा तिच्या अंडीपुंजांवर हाच टेलेनोमस काम करताना आढळला. एका किडीसाठी साठ वर्षांपूर्वी आणलेला मित्रकीटक अशा प्रकारे दुसऱ्या किडीवर उपयोगी पडला.

मित्रकीटक आयात करण्याची प्रक्रिया

परदेशी कीटक मुद्दाम आणून सोडणे हे जबाबदारीचे काम आहे. १९३५ मध्ये उसावरील भुंगेऱ्यांसाठी ऑस्ट्रेलियात आणलेला बेडूकवर्गीय केन टोड भुंगेरे सोडून इतर सर्व काही खात सुटला. आजही तो तेथील वन्यजीवांना डोकेदुखी आहे. अशा चुका टाळण्यासाठी पुढील टप्पे पाळले जातात:

१. किडीची अचूक ओळख आणि मूळ प्रदेशाचा शोध.
२. मूळ प्रदेशातून, त्या देशाच्या परवानगीने, नैसर्गिक शत्रूंचे संकलन.
३. आयात परवाना. भारतात वनस्पती विलगीकरण आदेश, २००३ नुसार केंद्र शासनाच्या वनस्पती संरक्षण सल्लागारांकडून तो घ्यावा लागतो.
४. बंदिस्त विलगीकरण प्रयोगशाळेत संगोपन. परोपजीवीवर जगणारा दुसरा परोपजीवी चुकून सोबत आला असेल तर तो येथेच नष्ट केला जातो.
५. यजमान चाचणी. मधमाशी, रेशीम कीटक आणि इतर उपयुक्त कीटकांना त्याच्यापासून धोका नाही ना, हे तपासतात.
६. मर्यादित प्रसारण, निरीक्षण आणि नंतर व्यापक प्रसारण.

या कामाला आंतरराष्ट्रीय चौकट आहे. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करारानुसार सदस्य देशांनी नव्या किडींची माहिती एकमेकांना द्यायची असते. या कराराचे सचिवालय रोम येथील अन्न व कृषी संघटनेत आहे. मित्रकीटकांच्या आयात-निर्यातीसाठी १९९५ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक मानक तयार झाले आणि २००५ मध्ये त्यात सुधारणा झाली.

कुठे अडते?

- परवानग्यांचा वेळ: जैवविविधता करार आणि २०१४ पासून लागू झालेला नागोया करार यांनुसार प्रत्येक देशाचा आपल्या जैविक संपत्तीवर हक्क मान्य झाला. हे न्याय्यच आहे, कारण गरीब देशांतील जैवसंपत्ती पूर्वी न विचारता उचलली जात होती. मात्र त्यामुळे कागदपत्रे वाढली. कीड परवानगीसाठी थांबत नाही, मित्रकीटकाला मात्र थांबावे लागते.
- माहिती लपवणे: निर्यात बंद होईल या भीतीने नवी कीड जाहीर करण्यास देश कधी कधी उशीर करतात. तोवर ती शेजारी देशात पोहोचलेली असते.
- वर्गीकरणतज्ज्ञांची कमतरता: कीटक अचूक ओळखणारे तज्ज्ञ कमी होत आहेत. आफ्रिकेतील उदाहरणावरून याची किंमत लक्षात येते.
- सर्व किडींवर उपाय नाही: एकाच जागी राहणाऱ्या पिठ्या ढेकूण, खवले कीड यांसारख्या किडींवर ही पद्धत अधिक यशस्वी होते. दूरवर उडणाऱ्या, अनेक पिकांवर जगणाऱ्या अळीवर्गीय किडींवर एकाच परोपजीवीने काम भागत नाही.

शेतकऱ्यांनी काय करावे?

दहा हजार किलोमीटरवरून आणलेला परोपजीवी शेवटी आपल्याच बागेत जगतो किंवा मरतो. यात सर्वाधिक नुकसान होते ते अनावश्यक फवारणीने. विस्तृत परिणाम करणारे कीटकनाशक मेणाखालच्या ढेकणाला पुरेसे लागत नाही, पण उघड्यावर फिरणारा परोपजीवी त्याने लगेच मरतो. त्यामुळे फवारणीनंतर काही आठवड्यांत कीड पूर्वीपेक्षा जोमाने उसळते.

- फवारणीपूर्वी भिंग घेऊन पाहावे. पांढऱ्या पुंजक्यात फुगलेली, कडक, तपकिरी झालेली ढेकणे दिसतात का ते तपासावे. ही परोपजीवीग्रस्त ढेकणे होत. काहींवर बारीक गोल छिद्र दिसते. तेथून प्रौढ परोपजीवी बाहेर पडलेला असतो. अशी ढेकणे आढळल्यास रासायनिक फवारणी टाळावी.
- परोपजीवीग्रस्त पाने जाळू नयेत. स्वच्छतेच्या नावाखाली पाने तोडून जाळली, तर आतले परोपजीवीही जातात. अशी काही पाने कीड असलेल्या शेजारच्या झाडांवर ठेवावीत.
- मुंग्यांचा बंदोबस्त करावा. गोड द्रवासाठी मुंग्या पिठ्या ढेकणाचे रक्षण करतात आणि परोपजीवींना हुसकावतात. झाडाच्या बुंध्याशी असलेली मुंग्यांची वारुळे नष्ट करावीत.
- सुरुवातीचा प्रादुर्भाव पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन कमी करता येतो. गरज भासल्यास फक्त प्रादुर्भावग्रस्त झाडांवर ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा.
- बांधावरील तणे पाहावीत. गाजर गवत आणि जास्वंदीवर कीड वर्षभर टिकते. बागेभोवतीचे गाजर गवत फुलोऱ्यापूर्वी काढावे.
- परोपजीवी आढळत नसतील तर जवळचे कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाशी संपर्क साधावा. हे प्रसारण एकट्या शेतापुरते न करता गाव किंवा वस्ती मिळून करावे. परोपजीवी बांध ओळखत नाही. शेजारी फवारत राहिला तर आपल्या बागेतील प्रसारण वाया जाते.
- रोपे खात्रीच्या रोपवाटिकेतून घ्यावीत. लागवडीपूर्वी पानांची खालची बाजू तपासावी.
- परदेशातून रोप, कलम, कंद किंवा बियाणे सामानातून आणू नये. नातेवाइकांनी प्रेमाने दिलेल्या एका कांडीबरोबर नवी कीड येऊ शकते. परवाना आणि त्या देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र याशिवाय अशी आयात बेकायदेशीर आहे.
- अनोळखी कीड दिसल्यास तिचा स्पष्ट फोटो आणि नमुना तज्ज्ञांना दाखवावा. आंतरराष्ट्रीय शोधाची सुरुवात एखाद्या शेतकऱ्याने वेळेवर दाखवलेल्या नमुन्यापासूनच होते.

थोडक्यात

पपईवरील पिठ्या ढेकणावर भारतात दोन वर्षांत उपाय सापडला, कारण मेक्सिको, अमेरिका आणि पोर्टो रिको येथे आधीच काम झाले होते. साबुकंदावरील ढेकणासाठी आफ्रिकेने आठ वर्षे सोसली, पण त्यांनी मिळवलेला परोपजीवी पुढे थायलंडला आणि आपल्याला तयार मिळाला. एका देशाने घेतलेले कष्ट दुसऱ्या देशाचा वेळ वाचवतात. वाचलेला तो वेळ आपल्या हातातील पंपाने वाया जाऊ नये, म्हणून पुढच्या वेळी पपईवर पांढरा पुंजका दिसला, तर पंप काढण्याआधी भिंग काढावे.